दुसऱ्याच्या डोलकाठीवर

कल्पनारम्य खेळांत माकडांसारखे लोक पुष्कळ आहेत, पंखवाले त्याहून जास्त, आणि दर्यावर्दी जमातींची तर गणतीच नको. या तिन्हींची मोट बांधून एकच प्रजाती उभी करायचा उद्योग मात्र 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणि त्याच्या भावंडांनी नेटानं केला, आणि एकदा करून ते थांबले नाहीत. १९८२, १९९०च्या आसपास, २००५ आणि मग २०२२. दर वेळी शरीर जवळपास तेच: माणसाएवढा वानर, हातापायांच्या मधे ताणली जाणारी कातडी, पायांनाही हातासारखी पकड. पुढच्या तिन्ही वेळी कामही तेच, जहाजावर खलाशी. आणि चौथ्या वेळी प्रकरण असं अंगाशी आलं, की कंपनीला जाहीर माफी मागावी लागली.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ अमेरिकेत बाजारात आणला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेका पात्राच्या अंगात शिरतात. एखादी गोष्ट साधेल की नाही असा प्रश्न आला, की २० बाजूंचा फासा टाकायचा. पात्र तयार करताना ते कुठल्या प्रजातीचं, हे ठरवावं लागतं. म्हणून प्रजातीबद्दल पुस्तकात छापलेलं पान-दीड पान हे निव्वळ वर्णन राहत नाही. पुढची वर्ष-दोन वर्षं कुणीतरी ते अंगावर वागवणार असतं.

सुरुवात याझिरियनपासून करायला हवी. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढणाऱ्या 'टीएसआर' कंपनीनं १९८२ मध्ये 'स्टार फ्रंटियर्स' नावाचा अवकाशयुगातला खेळ काढला. त्यात माणसांच्या जोडीला तीन परग्रहवासी जमाती होत्या: अमीबासारखे ड्रॅलासाइट, किड्यांसारखे व्रस्क आणि उंच, सडपातळ, आयाळवाले याझिरियन. याझिरियन उंचावरून उडी मारून तरंगत जातात, पण गुरुत्वाकर्षण जास्त असलेल्या ग्रहावर त्यांना ते जमत नाही. रात्री त्यांना उत्तम दिसतं, म्हणून दिवसा ते काळा चश्मा घालतात. लढाईत त्यांना एक प्रकारचं वेड चढतं. आणि आयुष्यात एकदा ते एक 'जन्मवैरी' निवडतात: एखादी व्यक्ती, एखादी संघटना, काहीही. एवढ्या चार-पाच रेघांत एक अख्खा समाज डोळ्यांपुढे येतो. हे लोक मानी आहेत, चिडके आहेत, कुणाची नोकरी करायला जन्मलेले नाहीत. गंमत म्हणजे हेच लोक समुद्राशी सर्वांत कमी संबंध असलेले. माझ्या मते चौघांत सगळ्यात चांगले वठलेले हेच.

पुढे १९८९ मध्ये जेफ ग्रब यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'साठी 'स्पेलजॅमर' रचलं. कल्पना भन्नाट: शिडांची जहाजं समुद्र सोडून अवकाशात निघतात, जादूगार एका खास खुर्चीत बसून आपल्या मंत्रशक्तीवर जहाज ओढतो, आणि बाकी सगळं जुन्या आरमारासारखं, म्हणजे डोलकाठ्या, तोफा, खलाशी, चाचे. या जगात याझिरियनांचे चुलतभाऊ आले ते हॅडोझी म्हणून. दिसायला तसेच, पण जन्मवैराची धग गेली. हे आता एल्फ लोकांच्या जहाजांवरचे भरवशाचे खलाशी आणि भाडोत्री शिपाई झाले. त्यांना टोपणनावही मिळालं: 'डेक एप'. अमेरिकी नौदलात डेकवर दोरखंड ओढणाऱ्या, रंग खरवडणाऱ्या नाविकांना चेष्टेनं हेच म्हणतात. बराकीतली थट्टा उचलून एका प्रजातीचं भविष्य लिहिलं गेलं. १९९२च्या 'कम्प्लीट स्पेसफेअरर्स हँडबुक'मध्ये हॅडोझी खेळाडूंना पात्र म्हणून घेता येऊ लागले.

२००५ मध्ये 'स्टॉर्मरॅक' आलं. तोवर टीएसआर 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'नं घेतली होती (१९९७) आणि विझर्ड्सना 'हॅसब्रो'नं (१९९९). हे पुस्तक निव्वळ समुद्राबद्दलचं: वारे, वादळं, जहाजांचे प्रकार, बुडण्याचे नियम. हॅडोझींना अवकाशातून खाली उतरवून खाऱ्या पाण्यावर आणलं ते इथे. पुस्तक मेहनतीनं लिहिलेलं आहे आणि समुद्रावरचा खेळ चालवणाऱ्यानं आजही चाळावं असं आहे. हॅडोझींचं मात्र फार काही बदललं नाही. चांगले खलाशी, चपळ, इमानी, कुणाच्याही जहाजावर खपून जाणारे. त्यांचं स्वतःचं जहाज कसं दिसतं? ते कोण बांधतं, कुठल्या लाकडाचं, त्याचा तांडेल कोण? चाळीस वर्षांच्या या साहित्यात या प्रश्नांवर म्हणण्यासारखं काही सापडत नाही. एखाद्या जमातीला दर्यावर्दी म्हणायचं आणि तिला नाखवा मात्र द्यायचा नाही, हा या सगळ्या प्रकरणातला मूळ दोष आहे. बाकीचे दोष त्यातूनच फुटलेले आहेत.

आता शरीराकडे वळू, कारण तिथे मजा आहे.

तरंगत जाणारे सस्तन प्राणी निसर्गात बरेच आहेत, माकडं मात्र एकही नाही. सह्याद्रीच्या दाट जंगलात रात्री उडती खार या झाडावरून त्या झाडावर जाते. (शेकरू ती नव्हे. शेकरू लांब उड्या मारतं, पण त्याला पडदा नसतो.) वानरवर्गाच्या सर्वांत जवळचा तरंगता प्राणी म्हणजे आग्नेय आशियातला कोलुगो. त्याचा पडदा मानेपासून बोटांच्या आणि शेपटीच्या टोकापर्यंत पसरलेला असतो आणि तो एका झेपेत १०० मीटरहून जास्त अंतर कापतो. मादी पिल्लाला पोटाशी धरून तरंगते, आणि बसली असताना तोच पडदा दुमडून त्याची झोळी करते. पण कोलुगोला झाडावर चढता म्हणाल तर धड येत नाही. धडपडत, उड्या मारत तो वर सरकतो. पडदा जितका मोठा तितके हातपाय अडकलेले. खेळवाल्यांनी हॅडोझींना दोन्ही बहाल केलं, कोलुगोची झेप आणि माकडाची चढण. निसर्गानं हा सौदा कुणालाच दिलेला नाही.

दुसरी अडचण वजनाची. तरंगणारे सस्तन प्राणी साधारण दोन-अडीच किलोच्या वर जात नाहीत, याला कारण आहे. समजा दोन किलोची उडती खार त्याच मापात वाढवत ७० किलोची केली. वजन ३५ पट झालं. लांबी मात्र सव्वातीन पटच वाढते आणि पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे साडेदहा पट. म्हणजे पडद्याच्या प्रत्येक चौरस वितीवर आता सव्वातीन पट भार. त्या भारानं हवेत टिकायचं तर वेग सुमारे १.८ पट हवा. खार सेकंदाला नऊ मीटरनं तरंगते असं धरलं, तर आपला वानर ताशी साठेक किलोमीटरनं डोलकाठीवर येऊन आदळेल. शेवटच्या क्षणी अंग उभं करून वेग मोडता येतो, सगळे तरंगते प्राणी तेच करतात, पण मोडून मोडून किती मोडणार?

माणसानं हे करून पाहिलेलं आहे. विंगसूट म्हणजे हातापायांमधे कापडी पडदे असलेला पोशाख. तो घालून उडी मारणारे एक मीटर खाली येताना अडीच-तीन मीटर पुढे जातात, आणि शेवटी पॅराशूट उघडतात. पॅराशूटशिवाय पहिल्यांदा उतरला तो ब्रिटिश स्टंटमन गॅरी कॉनेरी, मे २०१२ मध्ये. त्याच्यासाठी खाली पुठ्ठ्याच्या १८,६०० खोक्यांचा ढीग रचला होता.

मग काय, हॅडोझी अशक्य म्हणून सोडून द्यायचे? अजिबात नाही. ड्रॅगन उडतो तिथे वानरानं तरंगायला हरकत घेणं हा शुद्ध आडमुठेपणा. पण गणित माहीत असलं की गोष्टीला खाद्य मिळतं. कॉनेरीच्या खोक्यांचीच गोष्ट घ्या. हॅडोझींच्या जहाजावर डोलकाठ्यांच्या मधे जाळी बांधलेली असणार, उतरण्यासाठी. नवखा खलाशी पहिले काही महिने जाळीतच उतरेल. मुरलेला खलाशी परबाणावर, म्हणजे शिडाच्या आडव्या दांडीवर, उतरेल आणि जाळीत पडणाऱ्याला हसेल. शत्रूच्या जहाजावर जाळी नसते, म्हणून तिथे उतरायचं तर त्याच्या शिडावरच झेप घ्यायची, कापडात वेग जिरवायचा आणि घसरत खाली यायचं. वल्ह्यांच्या जहाजावर, शिडं गुंडाळलेली असताना, उतरायला जागाच नाही. म्हणजे हॅडोझींना घाबरणारा शहाणा कप्तान त्यांना पाहताच आधी शिडं उतरवेल, आणि तसं केल्यानं त्याचं पळणंही थांबेल. एका शारीरिक मर्यादेतून समुद्रावरचा आख्खा डावपेच निघतो.

२०२२च्या पुस्तकात हॅडोझींचा मूळ पूर्वज मांजराएवढा होता असं लिहिलं होतं. लेखकांना ठाऊक होतं की नाही देव जाणे, पण पडदा खरोखर ज्या आकाराला चालतो तोच हा आकार.

तरंगणं आणि जहाज ही जोडी जमते कशी, हे नीट पाहण्यासारखं आहे. समुद्र सपाट. तरंगायला उंची लागते. पाण्यावर उंच अशी वस्तू एकच, डोलकाठी. नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजाची मुख्य डोलकाठी पाण्याच्या पातळीपासून २०५ फूट उंच होती, म्हणजे वीस मजल्यांची इमारत. आजही शिडांचं काम कसं चालतं ते पाहायचं तर आपल्या नौदलाचं 'तरंगिणी' आहे. गोवा शिपयार्डनं बांधलेलं तीन डोलकाठ्यांचं हे जहाज १९९७ पासून प्रशिक्षणार्थींना हेच शिकवतं. आडव्या परबाणावर पोट टेकून, पायाखालच्या एका दोरावर तोल सांभाळत शीड आवळायचं. अशा वेळी एक हात कायम स्वतःला धरायला अडकलेला असतो, कामाला उरतो एकच. पायांनी पकडू शकणाऱ्याला तीन हात मोकळे. दहा माणसांचं काम पाच हॅडोझी करतील आणि वाऱ्याच्या एका झोतात खाली पडले तरी मरणार नाहीत. झाडावरच्या प्राण्याला खलाशी करणं ही कल्पना वरवर विचित्र वाटते, पण आतून घट्ट बसलेली आहे. शिडाचं जहाज हे समुद्रावर तरंगणारं झाडच तर आहे.

या जोडीला दुसरी बाजूही आहे, आणि ती कुठल्याच पुस्तकानं फारशी वापरलेली नाही. पडदा हे शीड आहे. वादळात सगळी शिडं उतरवून जहाज वाचवतात, तेव्हा हॅडोझीनं काय करायचं? वाऱ्यात हात फैलावला की तो उडाला. म्हणजे ज्या वेळी डोलकाठीवर चढण्याची सर्वांत निकड, नेमकी त्याच वेळी तो सर्वांत दुबळा. अंगाला फडकी करकचून बांधून, हात आखडून त्याला वर जावं लागेल. खाऱ्या पाण्यानं कातडी सुकून चिरते, म्हणून रोज तेल चोळावं लागेल. थंड प्रदेशात एवढ्या मोठ्या पडद्यातून अंगातली ऊब निघून जाईल. फाटलेला पडदा म्हणजे खलाशाची नोकरी संपली. अशा म्हाताऱ्यांना, जखमींना जहाजावर कुठलं काम देतात, यावर एक सबंध संध्याकाळ खेळता येईल.

आता नियमांबद्दल. इथे जरा बारकाईनं बोलतो, कारण नियम लिहिणाऱ्यांची कसरत इथे उघडी पडते.

या खेळात उडता येणं ही फार मोठी ताकद समजली जाते. पहिल्याच पातळीवर पात्राला पंख दिले, तर खंदक, भिंत, दरी, धनुर्धर नसलेला शत्रू, सगळं फुकट जातं. म्हणून आराकोक्रासारख्या पक्षीमाणसांना बरेच खेळ चालवणारे हात जोडतात. तरंगणं हा त्यावरचा तोडगा: उडण्याची हौस भागते, पण वर जाता येत नाही. २०२२च्या 'स्पेलजॅमर: ॲडव्हेंचर्स इन स्पेस' या तीन पुस्तकांच्या पेटीत मूळ नियम असा होता, की हॅडोझी एक फूट खाली येताना पाच फूट पुढे जाऊ शकतो, त्याला चालण्यातला हिस्सा खर्च करावा लागत नाही, आणि पडण्याची इजा तो शून्यावर आणू शकतो. एकास पाच. विंगसूटवाल्यांच्या दुप्पट. खेळाडू चलाख असतात. त्यांनी लगेच शोधून काढलं, की सपाट जमिनीवर नुसती सहा फूट उंच उडी मारली की तीस फूट फुकट चालायला मिळतात. मैदानातल्या लढाईत हॅडोझी सगळ्यांच्या पुढे पळू लागले.

कंपनीनं नियम बदलला. नव्या नियमात किमान दहा फूट उंचीवरून पडतानाच तरंगता येतं, आणि आडवं अंतर मिळतं ते फक्त आपल्या चालण्याच्या वेगाइतकं, म्हणजे ३० फूट. मैदानावरची लबाडी बंद झाली, ठीक. पण समुद्रावर काय झालं पाहा. जुन्या नियमानं 'व्हिक्टरी'च्या टोकावरून निघालेला हॅडोझी १,०२५ फुटांवर पोचला असता, तीनशे मीटरहून लांब, अजून तोफांचा मारा चालू असलेल्या जहाजावर. नव्या नियमानं त्याच टोकावरून तो जातो नऊ मीटर. एवढ्या अंतरावर तर साधी माणसं दोर फेकून शत्रूच्या जहाजावर उतरतात. आंग्र्यांच्या आरमारानं पडदे नसताना तेच केलं: आधी तोफांनी शिडं आणि दोरखंड निकामी करायचे, मग गलबतं भिडवून तलवारी घेऊन वर चढायचं. म्हणजे जमिनीवरचा गैरवापर थांबवण्यासाठी जी दुरुस्ती झाली, तिनं समुद्रावरची ही प्रजाती जवळपास निकामी करून टाकली. जहाजांसाठी लिहिलेल्या पेटीत ही गोष्ट कुणाच्या ध्यानात येऊ नये, याचं आश्चर्य वाटतं. तसं फार वाटूही नये. त्या पेटीतल्या ६४ पानांच्या तीन पुस्तकांत जहाजांच्या लढाईला मिळालेली जागाच मुळी चिमूटभर होती आणि त्याबद्दल तक्रारीही झाल्या.

माझा तोडगा साधा आहे. एक फुटाला तीन फूट, वारा पाठीशी असेल तर चार, तोंडावर असेल तर दीड. सुरुवात किमान ३० फुटांवरून हवी, उडी मारून मिळवलेली उंची धरायची नाही. उतरताना फासा टाकायचा, जाळी किंवा शीड असेल तर सवलत. साठ फुटांच्या परबाणावरून १८० फूट जाता येतं, म्हणजे दोन जहाजांमधलं लढाईचं अंतर पार होतं आणि जमिनीवर काही बिघडत नाही.

या नियमात नाट्य आहे ते आणखी एका गोष्टीत. उडणारा परत येतो, तरंगणारा परत येऊ शकत नाही. शत्रूच्या डेकवर उतरलेल्या हॅडोझीला परतायचं तर आधी शत्रूचीच डोलकाठी चढावी लागेल, आणि ती चढताना खालून बाण येत असतील. प्रत्येक झेप एकेरी वाटेची. हे वाचताना मराठी माणसाला किष्किंधाकांड आठवल्याशिवाय राहणार नाही. समुद्रकाठी वानर बसले आहेत आणि एकेक जण आपण किती योजनं उडू ते सांगतो आहे: गज १०, गवाक्ष २०, असं चढत चढत जांबवान ९० आणि अंगद १००. अंगद म्हणतो, जाईन, पण परत येण्याची खात्री देत नाही. जगातली ही बहुधा सर्वांत जुनी पात्रपत्रिका असावी, आकड्यांसकट आणि मर्यादेसकट.

वानर या खेळात आलेही. २००१च्या 'ओरिएंटल ॲडव्हेंचर्स'मध्ये 'वनारा' ही खेळता येणारी प्रजाती आहे, आणि पुढे 'पाथफाइंडर'नंही ती घेतली. तिथे त्यांना पडदा नाही आणि समुद्रही नाही. वाल्मीकींच्या वानरांनाही जहाज नाहीच. समुद्र आडवा आला तेव्हा त्यांनी नाव बांधली नाही, सेतू बांधला. पण त्यांच्याकडे जे आहे ते हॅडोझींना चाळीस वर्षांत मिळालं नाही: स्वतःचं राज्य, स्वतःचा राजा, गादीवरून झालेला भावांचा तंटा, आणि परक्या राजपुत्राशी अग्नीच्या साक्षीनं केलेली मैत्री, जिच्यात दोन्हीकडून देणं-घेणं ठरलेलं आहे. सुग्रीव टाळाटाळ करतो तेव्हा लक्ष्मण रागानं दारात येऊन उभा राहतो, याचा अर्थच हा, की सुग्रीवाला टाळाटाळ करण्याचा अधिकार होता. नोकराला तो नसतो.

आणि इथे आपण २०२२च्या त्या दीड पानापाशी येतो. १६ ऑगस्टला पेटी बाजारात आली. हॅडोझींची जन्मकथा अशी होती: याझिर नावाच्या ग्रहावर (जुन्या याझिरियनांना दिलेला हा नमस्कार) ते मांजराएवढे भित्रे प्राणी होते. एक जादूगार जहाजं घेऊन आला, त्यानं सापळे लावून त्यांना पकडलं, एक अर्क पाजून मोठं आणि बुद्धिमान केलं. त्या अर्कामुळे ते इजा सोसायला जास्त चिवट झाले. त्यांची फौज बनवून विकायचा त्याचा बेत होता. जादूगाराच्या शिष्यांना त्यांचा लळा लागला, त्यांनी सुटकेला मदत केली आणि जादूगार मारला गेला.

अमेरिकेत हे कसं वाचलं जाणार होतं, हे सांगायला विद्वान लागत नाही. जहाजातून आलेला माणूस, पकडून नेलेले लोक, विक्रीचा बेत, आणि 'यांना मार कमी लागतो' हा गुलामगिरीच्या समर्थकांचा जुना आवडता दावा, सगळं एका पानात, आणि ते माकडांबद्दल. कृष्णवर्णीयांना माकड म्हणण्याचा तिथला इतिहास ध्यानात घेतला तर याहून वाईट जुळणी शोधूनही मिळाली नसती. त्यात भर म्हणून हॅडोझी गवयाचं एक चित्र होतं. तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या मिन्स्ट्रेल तमाशातल्या पवित्र्याशी त्याचं साम्य वाचकांनी दाखवून दिलं. २ सप्टेंबरला, अडीच आठवड्यांच्या आत, कंपनीनं माफी मागितली आणि डिजिटल आवृत्तीतून तो मजकूर काढला. नोव्हेंबरमध्ये बाहेरच्या सल्लागारांकडून सगळा मजकूर आणि चित्रं तपासून घेण्याची नवी पद्धत जाहीर झाली. डिसेंबरमध्ये 'रेस' म्हणजे वंश हा शब्द सोडून 'स्पीशीज' म्हणजे प्रजाती वापरायचं ठरलं. ऑर्क आणि ड्राउ जमातींना जन्मजात दुष्ट दाखवण्यावरून २०२० पासूनच धूर निघत होता. हॅडोझी प्रकरणानं त्याची आग झाली.

उगाच आरडाओरडा झाला, खेळ तो खेळ, असं म्हणणारेही पुष्कळ होते. त्यांचं एक म्हणणं खरं आहे: गुलामगिरी दाखवणं आणि तिची भलामण करणं यांत फरक असतो, आणि त्या गोष्टीत जादूगार खलनायकच होता. पण गोष्ट रचणारा म्हणून पाहिलं तरी ती गोष्ट कच्चीच होती. बुद्धी मिळाली ती मालकाकडून. सुटका झाली ती मालकाच्या शिष्यांच्या दयेनं. स्वतःच्या जन्मकथेत हॅडोझींनी स्वतः केलेलं असं फारच थोडं. एल. फ्रँक बॉम यांनी १९०० मध्ये 'ओझ'च्या गोष्टीत पंखवाली माकडं आणली, तीही सोनेरी टोपीच्या मालकाची तीन वेळा चाकरी करायला बांधलेली. पण त्यांचा राजा गोष्टीतल्या डोरोथी या मुलीला सांगतो, की आम्ही जंगलात स्वतंत्र होतो, एक खोडी अंगाशी आली म्हणून हे भोगतोय. शेवटी ग्लिंडा ही भली चेटकीण ती टोपी त्या राजाच्याच हातात देते. मुलांच्या गोष्टीत, दोन परिच्छेदांत, बॉम यांनी जे साधलं ते सव्वाशे वर्षांनी एका मोठ्या कंपनीला साधलं नाही. प्राण्यांना माणसासारखं बुद्धिमान करण्याची कल्पना तर वेल्स यांच्या १८९६च्या 'डॉक्टर मोरो' या कादंबरीपासून चालत आलेली. त्यात कर्त्याचं पाप केंद्रस्थानी असतं, म्हणून ती चालते. खेळात मात्र बसायचं असतं त्या निर्माण केलेल्याच्या जागी.

माफीनंतर जे उरलं ते अगदीच सपक आहे. वाईट इतिहास काढला, त्या जागी दुसरा घातला नाही. आता हॅडोझी म्हणजे चढता येणारे, तरंगणारे, पायांनी वस्तू उचलणारे कुणीतरी. इतिहास कोरा. २०२४च्या नव्या 'प्लेअर्स हँडबुक'मधल्या दहा प्रजातींत ते नाहीत. कुणाला खेळायचेच असतील, तर २०२२चं दुरुस्त पान घेऊन खेळतात.

कोऱ्या जागेत काय लिहावं, यासाठी कुणी सुचवेल की खऱ्या दर्यावर्दी लोकांकडे पाहा. फिलिपाइन्सच्या मिंदानाओत कोलुगो आहे, त्याच्या पलीकडच्या सुलू समुद्रात पिढ्यान् पिढ्या होड्यांवर राहणारे बाजाऊ आहेत. जोडी आयतीच. पण नेमका हाच पुढचा खड्डा आहे. एखाद्या जित्याजागत्या समाजाच्या चालीरीती उचलून त्या वानरांना नेसवल्या, की २०२२ पुन्हा घडलंच म्हणून समजा. माणसांना हात लावू नये, होड्यांना लावावा. वारा, लाकूड आणि दोर यांचं शास्त्र कुणा एकाच्या मालकीचं नाही.

आणि होडीपासून सुरुवात केली तर पुष्कळ काही आपोआप सुचतं. तरंगणाऱ्या लोकांना उंच डोलकाठी हवी. उंच डोलकाठीनं जहाज कलंडतं. मग एक तर तळाशी धोंडे भरून जहाज जड करायचं, नाहीतर बाजूला उलांडी काढायची. कोकणात होडीला लावतात तशीच, पण दोन्ही बाजूंना आणि भलीमोठी. किंवा दोन होड्या जोडायच्या आणि मधे जाळी ताणायची. हीच जाळी उतरण्याची. म्हणजे हॅडोझींच्या जहाजाला मधे डेकच नाही, तिथे जाळं आहे आणि त्याखाली पाणी दिसतं. माणसांना त्यावर धड उभं राहता येत नाही. प्रवासी म्हणून आलेल्या एल्फ सरदाराला कडेनं, दोराला धरून, जपून चालावं लागतं. शिड्या नाहीत. तांडेल सुकाणूपाशी बसत नाही, वरच्या परबाणावर बसतो, आणि हुकूम द्यायचा तर खाली तरंगत येतो. म्हणून त्याचे हुकूम थोडे असतात, कारण प्रत्येक हुकमानंतर पुन्हा वर चढायचं आहे. बंदरात त्यांना खालचे धक्के आवडत नाहीत. जिथे कडा थेट पाण्यात उतरतो, तिथे ते नांगर टाकतात आणि कड्यावरच्या वस्तीतून पोरं सकाळी थेट जहाजावर उतरतात. लहान पोरांची पहिली झेप आईच्या पोटाशी, कोलुगोसारखी. माल चढवायला मात्र यारी लागते, आणि ती भाड्यानं देणारी माणसं बंदरात बसून चांगला पैसा करतात.

पुढच्या आवृत्तीत कुणी हॅडोझींना परत आणणार असेल, तर त्यानं जन्मकथेच्या आधी हा नकाशा काढावा: दोन्ही होड्या, मधली जाळी, डोलकाठ्यांची उंची फुटांत, आणि कोपऱ्यात जहाज बांधणाऱ्या हॅडोझीचं नाव.